तिसरा रकाना

काका,

तुम्ही जाऊन आज बारा दिवस झाले. मी अजून रडलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण काकू विचारत नाहीत पण बघतात, आणि तुम्ही असतात तर विचारलंच असतं, "काय इन्स्पेक्टरबाई, काही नोंद?"

नोंदी आहेत. फ्युनरल होमच्या पार्किंगमधल्या पाट्या हिरव्या होत्या. आत हीटर जास्त होता. तुम्हाला घातलेल्या कोटाचं खालचं बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं, चार भोकांच्या जागी दोन भोकांचं. ते बघून मी मनात म्हटलं, बदललेलं आहे, मूळ नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं. लोक रांगेत पुढे सरकत होते, मीही सरकले.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काकूंनी मला लिहायला सांगितलं. मी म्हटलं, माझं मराठी तुम्हाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "त्यांची नोकरी, पदव्या, ते सगळं बाकीचे लिहितील. तू तळघरातलं लिही. तिथे तुझ्याशिवाय कोणी जात नव्हतं."

म्हणून तळघरातलं.

तुम्ही बाबांचे हॉस्टेलमधले मित्र. मी नोकरीसाठी अमेरिकेत ट्रॉयला आले तेव्हा आईने दोन गोष्टी बजावल्या होत्या, जाड कोट घे आणि दर रविवारी काकांकडे जा. मी दोन्ही केल्या. पहिले काही महिने सोफ्याच्या कडेला बसून पोहे खायचे, काकूंच्या प्रश्नांना "हो", "नाही", "ठीक" अशी उत्तरं द्यायची आणि चार वाजले की निघायचे. तुम्ही पेपरमागे असायचात. मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा येतो. मग एका रविवारी पेपर खाली करून तुम्ही विचारलंत, "तुला फोटो काढता येतात?"

"फोनवर येतात."

"हात थरथरतो?"

"नाही."

"मग चल खाली."

जिना उतरताना काकू मागून म्हणाल्या, "आता तिलाही तुमची लोखंडं दाखवा. जेवली तरी आहे का विचारा आधी."

पोलादी कपाटात अकरा पिस्तुलं होती. सगळी लष्करी, सगळी माझ्या आजोबांच्या वयाची. मी दोन पावलं मागे सरकले ते तुम्ही पाहिलंत. म्हणालात, "या घरात एकही गोळी नाही. मी आयुष्यात एकदाही चाप ओढलेला नाही. मला फक्त ही कोणी, कधी, कशी बनवली ते वाचायचं असतं." आणि पांढरे सुती हातमोजे माझ्या हातात दिलेत. ते मला मोठे होत होते.

त्या दिवशी टेबलावर दोन जपानी पिस्तुलं होती, एकाच जातीची. तुम्ही भिंग दिलंत. एकाच्या अंगावर १४.५ कोरलेलं, दुसऱ्यावर १९.८. मी म्हटलं, हा मॉडेल नंबर असेल. तुम्ही म्हणालात, "लग्नपत्रिकेवर शके लिहितात ना, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इंग्रजी साल येतं. हे तसंच. यांच्या सम्राटाचं साल आहे. पंचवीस मिळव." मी मिळवले. एकोणचाळीस आणि चव्वेचाळीस. पुढचा आकडा महिन्याचा. मे आणि ऑगस्ट. माझ्या हातात अचानक एक महिना आला, ज्या महिन्यात कोणीतरी हे यंत्रावर धरून घासलं होतं. मी तुम्हाला हे तेव्हा सांगितलं नाही.

मग मूठ. तुम्ही मूठ म्हणायचात, मी ग्रिप. दोन्ही बाजूंना लाकडाची एकेक फळी, एका स्क्रूने बसवलेली, आणि फळीवर बोटं घसरू नयेत म्हणून आडव्या खाचा. तुम्ही मला खाचा मोजायला लावल्यात. १४.५ वर चोवीस, १९.८ वर सतरा. "युद्ध हरत आले तशी घाई झाली," तुम्ही म्हणालात. "खाचा कमी, तर वेळ कमी. माणसं खोटं बोलतात, खाचा बोलत नाहीत."

आणि तुमची लेबलं. प्रत्येक पिस्तुलाला दोऱ्याने बांधलेलं एक जाड कागदाचं लेबल, त्यावर तीन रकाने. काय कोरलंय. काय बदललंय. कोणी बदललं. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे प्रश्नचिन्ह होतं. मी विचारलं, जर कधीच कळत नाही तर रकाना कशाला? तुम्ही म्हणालात, "जगातले सगळे संग्राहक पहिले दोन लिहितात. तिसरा कोणी लिहीत नाही. सापडला तर मान्य करायची तयारी हवी, म्हणून रकाना ठेवायचा."

चहा घेऊन काकू खाली आल्या तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोरच कुंकवाची गोष्ट सांगितलीत. एका खंडेनवमीला तुम्ही ऑफिसात असताना काकूंनी सगळी पिस्तुलं देवापुढे मांडली, पाणी शिंपडलं आणि प्रत्येकाच्या मुठीला हळदकुंकू लावलं. वरचं पुसलं गेलं, पण ओलं कुंकू फटींतून लाकडात उतरलं. तुम्ही दोन दिवस गप्प होतात, मग फक्त एवढंच म्हणालात की पुढच्या वर्षी पेटीला लाव.

"घरात शस्त्रं ठेवायची आणि पूजा करायची नाही, हे कुठलं?" काकू म्हणाल्या. "आणि लाकडाला कुंकू लागलं म्हणून काय बिघडलं?"

"काही नाही. सगळी सवाष्ण झाली," तुम्ही म्हणालात. "हे १९.८ तेवढं वाचलं. ते नंतर आलं."

मी हसले. तुमच्या घरातलं माझं ते पहिलं हसू असावं.

त्या दिवशी मी दोन्ही पिस्तुलांचे फोटो काढले, आधी फळ्यांसकट, मग फळ्या सोडवून आतल्या खुणांचे. चार फळ्या आणि चार स्क्रू टेबलावर टॉवेलवर मांडले होते. मग मी त्या परत बसवल्या. तुम्ही तेव्हा फोनवर नेहाशी बोलत होतात. नेहा म्हणजे तुमची मुलगी, सिअॅटलला असते, तुम्ही मराठीत बोलता आणि ती इंग्रजीत उत्तर देते. फोन ठेवून तुम्ही आलात, दोन्ही पिस्तुलं एकेकदा हातात घेतलीत, ठेवलीत, आणि म्हणालात, "छान. पुढच्या रविवारी ये."

पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात की आधीच्या फोटोंवर लाइटची चमक आली आहे, ते सगळे डिलीट कर, पुन्हा काढू. मी केले. १४.५ टेबलावर नव्हतं. म्हणालात, जरा गंज दिसला, तेल लावून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, ते नंतर. मी हातमोजे घातले, १९.८ उचललं आणि खाचा मोजल्या. चोवीस. परत मोजल्या. मला वाटलं, मागच्या वेळी मी नीट मोजल्या नसाव्यात, किंवा तुम्ही मला दुसरंच पिस्तूल दाखवलं असावं. मला नेहमी आधी असंच वाटतं, की माझंच काहीतरी चुकलं. पण अंगावर १९.८ स्वच्छ कोरलेलं होतं.

"काका," मी म्हटलं, "ही ग्रिप या गनची नाहीये."

तुम्ही चष्मा वर केलात. "असं?"

"चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये सतरा हव्यात. या जुन्या आहेत. कोणीतरी बदलल्यात."

"बदलल्याच असतील असं नाही," तुम्ही शांतपणे म्हणालात. "नवीन मॉडेल सुरू झालं तरी जुना माल कोणी फेकत नाही. सुट्या भागांच्या बिनच्या तळाशी चार जोड्या राहतात, त्या लावून टाकतात. मी इतकी वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढली. माझ्या हाताखाली असंच व्हायचं."

"पण मागच्या रविवारी..."

"मागच्या रविवारी तू घाबरलेली होतीस. काय मोजलंस कोणास ठाऊक."

हे मला लागलं. तेच हवं होतं तुम्हाला, हे मला आता कळतंय.

मग आपण दोन वर्षं भांडलो. मी घरी आईशी भांडत नाही, ऑफिसात मॅनेजरशी भांडत नाही. पिझ्झा मागवायला फोन करावा लागू नये म्हणून अॅप वापरते. आणि मी संग्राहकांच्या फोरमवर अनोळखी माणसांना लिहायला लागले, की तुमच्याकडे १९ सालातलं असेल तर कृपया खाचा मोजून सांगा. एक्सेलमध्ये यादी केली. रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊनच मी सुरू करायचे. "काका, आणखी तीन सापडल्या. तिन्ही सतरा."

"बिनच्या तळाची चौथी असेल."

"‘असेल’ हे नोंदीत चालत नाही. तुम्हीच सांगितलंय."

"आधी खा," काकू म्हणायच्या. "मेलेल्या जपान्यांसाठी पोहे गार करू नका."

मी म्हणायचे, फळ्या सोडवून मागची बाजू बघू, तिथे काही खूण असेल. तुम्ही म्हणायचात, नको, एकदा उघडलं तेवढं पुरे, प्रत्येक वेळी स्क्रूचं डोकं झिजतं. इतकं पटण्यासारखं सांगायचात, की मी कधी शंका घेतली नाही.

एकदा तुम्ही मला शहराबाहेरच्या हॉलमधल्या जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनाला घेऊन गेलात. सगळीकडे टोप्या आणि दाढ्या. मी तुमच्या मागे मागे होते, आणि तुम्ही मुद्दाम कॉफीच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. एका टेबलावर मला १९.६ दिसलं. मी बराच वेळ उभी राहिले आणि मग त्या माणसाला म्हटलं, एक्सक्यूज मी, डावी ग्रिप बघू शकते का? तो इतका खूश झाला की त्याने खुर्ची दिली. परतताना गाडीत तुम्ही म्हणालात, "आज तू सहा अनोळखी माणसांशी बोललीस."

"मी ग्रिपविषयी बोलले."

"तेच म्हणतोय."

मला वाटलं, तुम्ही विषय बदलताय, कारण माझी यादी वाढते आहे.

आता शेवटचा रविवार. तो मला लिहायचा नव्हता. मी लॅपटॉप आणला होता, सगळी यादी तारखांप्रमाणे लावून. १९ च्या सुरुवातीपासून पुढे चोवीस खाचांचं एकही नाही. मी तुम्हाला एकेक ओळ दाखवली. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "तरी बिनच्या तळाशी..." आणि मी लॅपटॉप बंद केला. म्हटलं, "काका, तुम्हाला खरं काय ते नकोच आहे. तुम्हाला फक्त हरायचं नाहीये." आवाज चढला होता माझा. मी असं कोणाशीच बोलत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बरं." मी कोट घातला. काकूंनी डबा दिला तो घेतला, थँक यूसुद्धा म्हटलं नाही.

शुक्रवारी तुमचा मेसेज आला. "रविवारी ये. खालचा ड्रॉवर उघडू."

रविवारी सकाळी मी लिहिलं, "काका, बर्फ आहे. Next week." तुम्ही अंगठा पाठवलात. बर्फ जेमतेम बोटभर होता, दुपारपर्यंत रस्ते साफ झाले होते. मी दिवसभर घरात बसून कपडे धुतले. आणि गुरुवारी मी मीटिंगमध्ये असताना काकूंचा फोन आला, मी कट केला, परत आला.

तेव्हापासून मी नीट आहे. ऑफिसला जाते, जेवते. कोणी विचारलं तर सांगते, फॅमिली फ्रेंड होते. दात घासताना कधी कधी ब्रश तोंडातच राहतो आणि मला कळत नाही किती वेळ झाला.

गेल्या आठवड्यात नेहाने मला बाजूला घेतलं. कलामझू गावचे एक वयस्कर संग्राहक येत्या शनिवारी सगळी पिस्तुलं न्यायला येणार आहेत. त्यांना तुम्हीच निवडून ठेवलं होतंत, कारण ते संग्रह फोडणार नाहीत. पण लेबलं पूर्ण हवीत. नेहा म्हणाली, "यू आर द ओन्ली वन हू नोज व्हॉट दीज आर, केतकी. प्लीज." तिचे डोळे सुजले होते. मी म्हटलं, शुअर.

काल रविवार होता. मी नेहमीच्या वेळेला आले. काकूंनी पोहे केले होते. दोघींनी खाल्ले. मग मी खाली गेले, आणि पहिल्यांदाच काकू माझ्यामागून येऊन तुमच्या खुर्चीत बसल्या. विणकाम आणलं होतं, पण विणत नव्हत्या.

नऊ लेबलं तुम्हीच पूर्ण केली होतीत. ड्रॉवरमधल्या १४.५ चं राहिलं होतं, आणि १९.८ चं दुसऱ्या रकान्यात अडलं होतं. काय बदललंय? तुमचं मत, काही नाही. माझं मत, मूठ. मी पेन घेऊन बसले. माझं लिहिलं तर मी अशा माणसाशी भांडण जिंकणार होते जो उत्तर देऊ शकत नाही. तुमचं लिहिलं तर मला खोटं वाटणारं काहीतरी तुमच्या नावावर कायमचं बांधून पाठवणार होते. आणि ते लेबल वाचणाऱ्याला आपण दोघंही माहीत नसणार, त्याला फक्त कागद दिसणार.

"काकू, मी फळ्या सोडवून बघू का? काका नको म्हणायचे."

"आता कोण नको म्हणणार आहे," काकू म्हणाल्या. "बघ."

मी स्क्रू सोडवला. डावी फळी हातात आली, ती उलटी केली. मागच्या बाजूला, वरच्या कडेपासून स्क्रूच्या भोकापर्यंत ओघळलेला लाल डाग होता. वाळलेला, तपकिरी होत चाललेला. पहिल्या दिवशीही मी तो पाहिला होता. मला तो गंज वाटला होता. काल मी भिंग घेतलं. लाकडाला गंज येत नाही.

ते कुंकू होतं.

आणि १९.८ कुंकवानंतर घरात आलं होतं. ते वाचलं होतं. तुम्हीच सांगितलं होतंत.

मी खालचा ड्रॉवर उघडला. १४.५ फडक्यात गुंडाळलेलं होतं. गंज कुठेही नव्हता. मुठीवर सतरा खाचा. फळी उलटी केली, मागून कोरी, स्वच्छ.

कारखान्याने काही केलं नव्हतं. कुठल्या सैनिकाने नाही, दुरुस्तीवाल्याने नाही, विकणाऱ्याने नाही. त्या पहिल्या रविवारी टॉवेलवर चार फळ्या होत्या आणि मी त्या चुकीच्या पिस्तुलांवर बसवल्या. दोन वर्षं मी फोरमवर, प्रदर्शनात, तुमच्या जेवणाच्या टेबलावर ज्याला शोधत होते, ती मी होते. आणि फोन ठेवून तुम्ही दोन्ही पिस्तुलं एकेकदा हातात घेतली होतीत, तेव्हाच तुम्हाला दिसलं होतं. म्हणून फोटो डिलीट. म्हणून गंज. म्हणून स्क्रू झिजतो.

काकू म्हणाल्या, "काय झालं? सापडला का?"

"कोण?"

"चोर." त्यांनी विणकाम मांडीवरून बाजूला ठेवलं. "मला त्यातलं काही कळत नाही बाई. पण तू पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातलास ना, त्या दिवशी ते हसत हसत वर आले किचनमध्ये. म्हणाले, पोरीने स्वतःच चोरी केली आणि स्वतःच पकडली, आता बघू चोर कधी सापडतो. मी म्हटलं, सांगून टाका तिला, बिचारी खाणं सोडून वाद घालते. तर म्हणाले, सांगितलं की ती सॉरी म्हणेल आणि परत सोफ्याच्या कडेला जाऊन बसेल."

मी सॉरी म्हटलंच असतं. दहा वेळा म्हटलं असतं. आणि पुढच्या रविवारी काहीतरी कारण काढून आले नसते. हे तुम्हाला तीन महिने पेपरमागून बघून कळलं होतं.

"मग शेवटी का सांगणार होते?" मी विचारलं. "ड्रॉवर उघडू म्हणाले होते."

काकूंनी लोकर गुंडाळायला घेतली. "तू ओरडलीस ना त्या दिवशी. तू गेल्यावर म्हणाले, आता काही हरकत नाही. आता ती परत येईल."

मी आले नाही, काका. बर्फ बोटभर होता.

हे मी काकूंना सांगितलं नाही. इथे लिहितेय, म्हणजे आता त्या वाचतील.

मला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही. हात थरथरत नव्हते. मी हातमोजे घातले, चोवीस खाचांच्या फळ्या १४.५ वर बसवल्या आणि सतराच्या १९.८ वर. यावेळी प्रत्येक फळी बसवण्याआधी मोठ्याने मोजल्या. काकू माझ्याबरोबर मोजत होत्या. फळ्या बसवून झाल्यावर मी विचारलं, १४.५ च्या फळीमागचं कुंकू परत सोडवून टूथब्रशने काढायचं का, त्या लोकांना डाग आवडणार नाही.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "तेवढं तरी माझं जाऊ दे त्यांच्याबरोबर."

मग मी लेबलं लिहिली. १४.५ च्या पहिल्या रकान्यात तारीख आणि चोवीस खाचा. दुसऱ्यात, मूठ मूळ, फळीच्या मागे कुंकवाचा डाग. तिसऱ्यात काकूंचं नाव. १९.८ च्या पहिल्या रकान्यात तारीख आणि सतरा खाचा. दुसऱ्यात, मूठ मूळ, मधली दोन वर्षं दुसऱ्या पिस्तुलावर होती, परत बसवली. तिसऱ्यात मी माझं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आडनावासकट. त्याखाली तेच इंग्रजीत, कलामझूच्या माणसासाठी.

काकूंनी लेबल चष्म्याजवळ धरून वाचलं.

"तुझं नाव कशाला त्यात? त्यांना काय करायचंय?"

"रकाना आहे, काकू," मी म्हटलं, आणि दोरा बांधला.